पुस्तक घडतानाच

४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ मधला. पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असताना शार्ल बार्बिए यांची बारा टिंबांची लिपी त्यांच्या हाती आली. डोळस माणसाने योजलेल्या त्या लिपीतले अक्षर बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हते. ब्रेल यांनी टिंबे सहावर आणली आणि १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, वाचणाऱ्याच्या बोटाला मानवेल अशी लिपी सिद्ध केली. तिचे मोठेपण वाचणाऱ्याचा आधी विचार करण्याच्या याच दृष्टीत आहे. डिजिटल पुस्तके घडवताना मात्र आपण नेमके तेच विसरतो.

पुस्तक मोबाइलवर किंवा संगणकावर आले की ते सर्वांपर्यंत पोचले, असे आपण मानतो. मजकूर मोठ्याने वाचणारी एनव्हीडीएसारखी स्क्रीन रीडर प्रणाली मोफत मिळते आणि ती मराठीही वाचते. पण स्कॅन केलेले पान म्हणजे नुसता फोटो. त्यात तिला एकही अक्षर सापडत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या नोट्स डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतात, पण फाइलमध्ये अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे असतात आणि कानी पडतो तो निरर्थक गोंगाट. मग परीक्षा तोंडावर आली असताना कुणी स्वयंसेवक तेच धडे पुन्हा टंकत बसतो. त्याची तळमळ वंदनीय आहे. ती वेळ त्याच्यावर आणणारी व्यवस्था नव्हे.

हे टाळणे अवघड नाही. मजकूर युनिकोडमध्ये असावा, मथळे मथळे म्हणूनच नोंदवावेत. भूमितीच्या आकृतीचे वर्णन शब्दांत द्यावे. ‘लाल रंगातले जिल्हे ओळखा’ म्हटले की रंगांध मूल अडते. तिथे रंगासोबत खूणही हवी. व्हिडिओत बोललेले शब्द कर्णबधिर मुलासाठी पडद्यावर उमटावेत, शक्य तिथे भारतीय सांकेतिक भाषाही असावी. अशा पुस्तकातली अक्षरे मोठी करता येतात आणि ओळी पडद्यात बसतात. त्याचा लाभ लहान मोबाइलवर अभ्यास करणाऱ्या प्रत्येक मुलाला होतो.

हा दयेचा विषय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ही सुगमता बंधनकारक आहे. दृष्टिबाधितांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत यासाठी झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंतची पोच हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

म्हणून शिक्षण विभागाने आणि प्रकाशकांनी एक नियम करावा: अंध, कर्णबधिर आणि वाचनात अडचण येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून तपासून घेतल्याशिवाय कोणतेही डिजिटल पुस्तक प्रसिद्ध होऊ नये, आणि या तपासणीचा मोबदला त्यांना मिळावा. नवे पुस्तक ज्या दिवशी डोळस मुलाच्या हाती पडते, त्याच दिवशी ते अंध मुलालाही वाचता आले पाहिजे. महिन्याभराचा उशीरही आपण मान्य करता कामा नये.