दाखल्याचा मास्तर

वाचकहो, ट्रेनिंग कॉलेजात दाखला मिळतो, मास्तर घडतो तो वर्गात. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनास लेखी कळविले होते की, खेड्यातला शिक्षक होता होईल तो शेतकरीवर्गातला, वेळप्रसंगी नांगराची मूठ अगर सुताराचा वाकस धरणारा असावा. आज कुणब्या-माळ्यांची पोरेही मास्तर झाली आहेत. पण खुर्ची मिळताच पुष्कळांची जीभ पालटते! लमाणाच्या पोराने आईस 'याडी' म्हटले की, 'अशुद्ध' म्हणून त्याला गप्प बसवितात. मग जुन्या पंतोजीने आमच्या आज्याची बोली हिणविली, त्यात वावगे ते काय? पोर एकदा गप्प बसले की पाढेही घशातच अडकतात. आईबापहो, शाळेत जाऊन खुशाल विचारा : गुरुजी, आमच्या घरची बोली आपणांस कितपत समजते?