चाळणी कुणाच्या हातात?

पैसे देऊन स्वतःची स्तुती लिहून घेणारे धंदेवाले आहेत. म्हणून इंटरनेटवरचे खरे-खोटे अभिप्राय चाळायला हवेत, याबद्दल वाद नाही. सवाल आहे तो चाळणीची भोकं कुणाच्या मापाने पाडली आहेत, याचा.

घाटकोपरच्या भटवाडी-असल्फा भागातल्या आम्ही सात जणींनी एका खाजगी प्रसूतिगृहातल्या शिवीगाळीबद्दल अभिप्राय लिहिले. एकाच संध्याकाळी, बैठकीत, दोन मोबाइलवरून. चार दिवसांत सातही गायब! 'उत्तम सेवा' असे दोन शब्दांचे कौतुक मात्र जागच्या जागी.

संशयास्पद कशाला म्हणतात? कंपन्या पूर्ण हिशेब सांगत नाहीत, पण ढोबळ खुणा माहीत आहेत: नवे खाते, पहिलाच अभिप्राय, एकाच फोनवरून अनेक खाती, थोड्या वेळात एकाच जागेबद्दल गर्दी, सारखी भाषा. मैत्रिणींनो, ही तर आपलीच वर्णनं! घरात फोन एक, तोही नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. आयुष्यात पहिल्यांदा लिहायचं, तेही मैत्रिणी सोबत असतील तरच. शिव्या सारख्या खाल्ल्या, तर शब्द सारखेच येणार! एकटी बोलली तर भांडखोर, मिळून बोललो तर कट. हा जुनाच न्याय आता यंत्रही करू लागलं.

आणि चाळणी मालकाच्या सोयीने फिरते, हेही दिसलेलं आहे. अमेरिकेत 'फॅशन नोव्हा' या कपड्यांच्या कंपनीने पाचपैकी चारपेक्षा कमी तारे देणारे अभिप्राय दडपले, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. २०२२ साली कंपनीने ४२ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. त्यात पारदर्शकता आहे, प्रतिसादाची जबाबदारी आहे. पण आणलं ते ऐच्छिक म्हणून! चोराला कुलूप लावायची विनंती करण्यातलाच हा प्रकार.

आमच्या मागण्या साध्या आहेत. अभिप्राय काढला तर कारण मराठीत कळवा. दाद ऐकायला माणूस बसवा. किती अभिप्राय रोखले, तो आकडा त्याच पानावर छापा. आणि हे सगळं सक्तीचं करा.

तोवर आपण पावत्या जपू, तारखा लिहून ठेवू, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू. पैसे घेऊन उपचार करणारी रुग्णालयं ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. सात जणींच्या सह्यांचा कागद कुठलंही यंत्र गाळू शकत नाही.