गोल्फच्या चेंडूवरून चार पेटंटांची लढाई

टायटलिस्टचा ‘प्रो व्ही1’ हा चेंडू 2000 साली बाजारात आला. त्याचा गाभा रबराचा, त्यावर आयोनोमर या प्लास्टिकचे कडक आवरण आणि सर्वांत बाहेर युरेथेनची पातळ, मऊ साल. लांबच्या फटक्यात कडक थरामुळे चेंडू कमी फिरकी घेतो व दूर जातो. जवळच्या फटक्यात मऊ साल क्लबच्या खाचांत पकडली जाते, फिरकी वाढते आणि चेंडू होलजवळ थांबतो.

ही रचना आपल्या चार पेटंटांत आहे, असे सांगत कॅलवे कंपनीने 2006 मध्ये अमेरिकेतील डेलावेअरच्या न्यायालयात टायटलिस्ट बनवणाऱ्या अ‍ॅकुश्नेटवर दावा लावला. पेटंटेही कॅलवेच्या संशोधनातली नव्हेत. 2003 मध्ये टॉप-फ्लाइट विकत घेताना मिळालेली.

यातले पदार्थ आधीपासून माहीत होते. मग ते एकावर एक चढवणे हा शोध, की जाणकाराला सहज सुचणारी गोष्ट? 2007 मध्ये ज्युरीने एक दावा वगळता कौल कॅलवेला दिला. गंमत अशी, की वगळलेला दावा संकुचित होता आणि तो ज्यात सामावतो तो व्यापक दावा मात्र वैध ठरला! ही विसंगती हेही अपिलात फेरसुनावणीचे एक कारण ठरले. 2010 मध्ये दुसऱ्या ज्युरीने तीच पेटंटे अवैध ठरवली. 2012 मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.