बाटला केव्हा?

कोणी ख्रिस्ती झाला की आमच्या सभामंडपात एकच प्रश्न निघतो : बाटला केव्हा? पुढे त्याचे काय झाले, हे विचारण्याची तसदी आम्ही घेत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, एवढे आम्हांस मुखोद्गत! परंतु १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तांसही त्यात स्थान होते. या परिपक्वतेस बावीस वर्षे लागली, याची दखल कोणी घेतली? तिकडचे काहीजणही मस्तकी पाणी पडताच कार्य सिद्धीस गेले असे मानतात. करिंथच्या मंडळीस पौलाने याच कारणास्तव खडसावले होते : तुम्ही अद्याप दुधावरचीच बाळे आहात, जड अन्न तुम्हांस पचत नाही. हा बोल आम्हांसही लागू पडतो, हे कबूल करताना जीभ जड होते खरी. मुंजीत कानी पडलेली गायत्री आम्ही किती दिवस जपली, हे आधी आमच्या घरच्यांस विचारावे. टिळकांचे खरे वर्ष १८९५ की १९१७, याचा निवाडा त्यानंतर करू.