दादीची भाषा आणि नातीची शाळा

जानेवारी सरत आला की लहान मुले असलेल्या घरांत प्रवेशअर्जांचे दिवस सुरू होतात. पुण्याच्या बिबवेवाडीतील अशाच एका घरात रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तीन शाळांचे अर्ज मांडलेले होते. घरातील एकुलती नात जूनमध्ये चार वर्षांची होणार होती. पहिला अर्ज जवळच्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा. दुसरा पायी दहा मिनिटांवर असलेल्या जुन्या मराठी शाळेच्या बालवर्गाचा; त्या शाळेत पुढे सेमी-इंग्रजीची सोय होती. तिसरा शहराबाहेरच्या एका नव्या, महागड्या शाळेचा. तिच्या माहितीपत्रकात ‘संपूर्ण इंग्रजी वातावरण, पहिल्या दिवसापासून भाषा-इमर्शन’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते.

वडिलांचा कल मराठी शाळेकडे होता, आईचा तिसऱ्या शाळेकडे. दादी बाजूला बसून तुरीची डाळ निवडत होत्या. तासभर चाललेली चर्चा ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “त्या शाळेत गेल्यावर ती माझ्याशी बोलेल ना?”

या प्रश्नाचे उत्तर तीनपैकी एकाही माहितीपत्रकात नव्हते.

नातीच्या भाषांचा हिशेब मांडला तर तो मोठा रंजक निघतो. दादीशी ती मारवाडीत बोलते. आई-वडिलांशी मराठी, मारवाडी आणि हिंदी यांच्या मिश्रणात बोलते. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीशी भांडण मराठीत होते आणि समेटही मराठीतच. दूरदर्शनसंचावरची कार्टूने हिंदीत असतात. रात्री झोपताना दादीच्या मागोमाग ती नवकार म्हणते, म्हणजे तिच्या जिभेवर प्राकृतही आहे. रंगांची आणि फळांची इंग्रजी नावे तिला केव्हाच पाठ झाली आहेत. शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच हे मूल अनेक भाषांच्या अंगणात खेळते आहे. म्हणून मुलाला अनेक भाषा पेलतील की नाही, हा प्रश्नच उरत नाही. त्या एकमेकींच्या जोडीने वाढतील की एकमेकींना घालवून, हा खरा प्रश्न आहे.

आईचा आग्रह हौसेपोटी नव्हता. तिचे शिक्षण नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात झाले. दहावीला ती शाळेत पहिली आली. पुण्याच्या महाविद्यालयात आल्यावर मात्र पहिले वर्षभर तिने वर्गात तोंड उघडले नाही. उत्तर येत असे, पण ते इंग्रजीत मांडता येत नसे. एकदा तिच्या उच्चारावर वर्ग हसला होता. ते हसणे पंधरा वर्षांनंतरही तिच्या कानांत आहे. “माझ्या मुलीवर ती वेळ येता कामा नये,” या वाक्यापुढे तिला दुसरा युक्तिवाद नको होता.

वडिलांचे दुःख वेगळे होते. ते पुण्यातच इंग्रजी माध्यमात शिकले. व्यवसायाची पत्रे ते सफाईने लिहितात. पण त्यांच्या आजोबांनी गावच्या कापडदुकानात बसून लिहिलेली मराठी टिपणवही त्यांना धड वाचता येत नाही. आईशी मारवाडीत बोलताना चौथ्या वाक्याला शब्द संपतात आणि हिंदी सुरू होते. घरात कोणाचे निधन झाले, तेव्हा आईचे सांत्वन कोणत्या शब्दांनी करावे हे त्यांना सुचले नव्हते. प्रत्येक जण आपल्याला जे मिळाले नाही, ते मुलीला देऊ पाहत होता. म्हणूनच दोघांपैकी कोणालाही चूक ठरवणे सोपे नव्हते.

तिसऱ्या शाळेच्या माहितीपत्रकातील ‘इमर्शन’ या शब्दाला एक इतिहास आहे आणि तो पालकांनीच घडवलेला आहे. कॅनडातील मॉन्ट्रिअल शहराजवळ सेंट लॅम्बर्ट नावाचे उपनगर आहे. तेथील इंग्रजीभाषक पालकांच्या लक्षात आले की, क्युबेक प्रांतात राहायचे तर मुलांना फ्रेंच चांगले यायला हवे, आणि शाळेतला फ्रेंचचा तास त्यासाठी पुरत नाही. त्यांनी शाळा मंडळाचा पाठपुरावा केला. १९६५ मध्ये तेथे असा बालवर्ग सुरू झाला, ज्यात इंग्रजीभाषक मुलांना सर्व काही फ्रेंचमधून शिकवले जाई. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी रिचर्ड टकर यांच्यासह या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आरंभी ही मुले इंग्रजी वाचन-लेखनात थोडी मागे राहिली. इंग्रजीचे शिक्षण सुरू झाल्यावर ती उणीव भरून निघाली. फ्रेंचमध्ये तर ती नेहमीच्या शाळांतील मुलांच्या कितीतरी पुढे गेली. पुढे ही पद्धत कॅनडाभर पसरली.

एवढी कथा ऐकली की कोणालाही वाटावे, आईचेच बरोबर आहे. पण तो प्रयोग ज्या पायावर उभा होता, तो पाया माहितीपत्रकात छापला जात नाही. सेंट लॅम्बर्टच्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. ती घरात, बाजारात, पुस्तकांत, सर्वत्र प्रतिष्ठेने नांदत होती. शाळेने फ्रेंच शिकवल्यामुळे ती जाण्याची भीती नव्हती. शिक्षकांना दोन्ही भाषा येत. बालवर्गातले मूल इंग्रजीत बोलले तरी शिक्षक ते समजून घेत आणि उत्तर फ्रेंचमधून देत. बोलल्याबद्दल मुलाला कोणी गप्प करत नसे. वर्गातील सर्वच मुले फ्रेंचमध्ये सारखीच नवखी असत, त्यामुळे कोणी कोणाला हसत नसे. दुसऱ्या इयत्तेपासून इंग्रजीचे रीतसर शिक्षणही सुरू होई. नव्या भाषेची भर पडली, जुनी वजा झाली नाही.

याच्या उलट स्थितीला अभ्यासक वेगळे नाव देतात. मुलाच्या घरची भाषा दुबळी मानलेली, शिक्षकाला ती येत नाही किंवा वर्गात ती चालत नाही, आणि मूल थेट परक्या भाषेत सोडलेले. याला निमज्जन म्हणत नाहीत, बुडवणे म्हणतात. पोहायला शिकवणे आणि विहिरीत ढकलणे, दोन्हींत मूल पाण्यातच असते. फरक काठावर कोण उभे आहे याचा असतो. स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करून कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते. पण गणितातील उदाहरण समजणे, कारण सांगणे, परिच्छेदाचा अर्थ लावणे यासाठी लागणारी भाषा यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. सहा महिन्यांत मूल पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणून दाखवते आणि पालक निश्चिंत होतात. चौथी-पाचवीत तेच मूल विज्ञानाचे उत्तर पाठ करू लागते, कारण समजून घेण्याइतकी भाषा त्याच्याजवळ आलेली नसते. तेव्हा दोष मुलाच्या बुद्धीला दिला जातो.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘घरीही इंग्रजीच बोला.’ हा सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी अनेक घरांत तो उलटा पडतो. ज्या आई-वडिलांचे इंग्रजी कामापुरते आहे, त्यांचे मुलाशी बोलणेही कामापुरतेच होते. ये, बस, खा, दात घास, लवकर कर. आज्ञा इंग्रजीत देता येतात. पण चिमणीचे घरटे वाऱ्याने का पडले, दादाजी लहानपणी कशाला घाबरत, खोटे बोलल्यावर पोटात गडबड का होते, या गोष्टी ज्या भाषेत मन वाढले त्याच भाषेत सांगता येतात. मुलाची विचारशक्ती अशाच गप्पांवर पोसते. घराने समृद्ध भाषा बाजूला ठेवून तोकडी भाषा स्वीकारली, तर मुलाला दोन्हींकडे अर्धेच मिळते. आणि दादीला काहीच मिळत नाही.

शासनाच्या धोरणांचा कल स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस केली आहे. दुसरीकडे, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, राज्य ते लादू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. म्हणजे शिफारस एका बाजूची असली तरी निर्णय आणि त्याची जबाबदारी घराचीच आहे.

पण या घरापुढे एक अडचण अशी होती, जी धोरणाच्या परिच्छेदात मावत नाही. मुलीची घरची भाषा कोणती? मारवाडी म्हणावे, तर तीत शिकवणारी शाळा पुण्यात मिळणार नाही. मराठी शाळा काय, इंग्रजी शाळा काय, दोन्ही तिला दुसऱ्या भाषेतच नेणार. महाराष्ट्रातील कितीतरी मारवाडी, गुजराती, कच्छी घरांची हीच स्थिती आहे.

या ठिकाणी दादींनी बोलता बोलता एक गोष्ट सांगितली आणि चर्चेची दिशा बदलली. त्यांचे यजमान, म्हणजे मुलीचे दादाजी, सहा वर्षांचे होईपर्यंत घरात मारवाडीशिवाय दुसरे ऐकत नसत. मग ते गावातल्या मराठी शाळेत गेले. पहिले काही महिने गुरुजी विचारत मराठीत आणि ते उत्तर देत मारवाडीत. गुरुजींच्या घरचे कापड याच दुकानातून जात असल्यामुळे त्यांना मारवाडी बऱ्यापैकी कळे; ते हसून तोच शब्द मराठीत परत सांगत. शेजारी, गिऱ्हाईक, मळ्यातले सवंगडी, सगळे मराठी. दोन वर्षांत दादाजी मराठीत कीर्तनातले दाखले देऊ लागले. घरी येऊन ‘जीमणो’ आणि ‘ब्याळू’ मात्र मारवाडीतच राहिले. पुढे त्यांनी दुकानाची रोजमेळ आणि खतावणी मराठीत लिहिली आणि व्यापारासाठी कामापुरते इंग्रजीही शिकून घेतले.

सेंट लॅम्बर्टचे नाव त्या गावात कोणी ऐकले नव्हते; तरी प्रयोग तोच होता. घरची भाषा पक्की, शिक्षकाला दोन्ही बाजू ठाऊक, बोलण्यावर बंदी नाही आणि नवी भाषा वर्गाबाहेरही जिवंत. याच चार गोष्टींवर भाषा-निमज्जन तरते. त्या नसतील तर फलकावर कोणताही शब्द लिहिला तरी मूल एकटे पडते.

म्हणून शाळा निवडताना केवळ माध्यम विचारून भागत नाही. पालकांनी वर्ग प्रत्यक्ष पाहावा. मूल घरच्या भाषेत बोलले, तर शिक्षक काय करतात? पाणी मागण्यासाठी मुलाला आधी इंग्रजी वाक्य जुळवावे लागते का? वर्गात मुले जास्त बोलतात की शिक्षक? गोष्टींची पुस्तके मुलांच्या हाती लागतील अशी ठेवली आहेत की कपाटात बंद आहेत? हे प्रश्न मराठी शाळेलाही तितकेच लागू आहेत. जिथे मूल रांगेत बसून फक्त घोकते, तिथे माध्यम मातृभाषा असूनही फारसा उपयोग नाही. आणि समजूतदार शिक्षक असलेल्या इंग्रजी शाळेत, घराची साथ असेल तर, मूल उत्तम वाढते.

आई-वडिलांनी पुढच्या आठवड्यात तिन्ही वर्ग पाहिले. तिसऱ्या शाळेची इमारत देखणी होती. तिथे एक लहानगा कोपऱ्यातल्या बाटलीकडे बोट दाखवून उभा होता आणि बाई प्रेमानेच, पण पुन्हा पुन्हा, त्याच्याकडून पूर्ण वाक्याची अपेक्षा करत होत्या. तो शेवटी पाणी न पिताच जागेवर जाऊन बसला. आईने ते पाहिले. परतताना गाडीत ती बराच वेळ काही बोलली नाही. महाविद्यालयातले ते पहिले वर्ष तिला आठवत होते. जे मुलीच्या वाट्याला अठराव्या वर्षी येऊ नये म्हणून ती धडपडत होती, ते चौथ्या वर्षीच येण्याचा संभव तिला दिसला.

तरी तिची भीती निराधार नव्हती आणि ती कोणी हसण्यावारी नेली नाही. तिच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई; महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून आले. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकता येते. वाट तीच असली तरी ती आता तितकी खडतर नाही. अखेर मराठी शाळेचा अर्ज भरला गेला, पण आईच्या अटींसह. रोज संध्याकाळी अर्धा तास इंग्रजी गोष्टींचे पुस्तक ती स्वतः मुलीबरोबर वाचेल. वडील मुलीसोबत मराठी वाचायला शिकतील आणि जमले तर आजोबांची टिपणवही उघडतील. तिसरीच्या शेवटी सगळ्यांनी पुन्हा बसून विचार करायचा. निर्णय चुकला असे वाटले, तर तो बदलण्यात कमीपणा मानायचा नाही.

दादींच्या वाट्याला कोणतेही काम आले नव्हते. त्या म्हणाल्या, “माझे काय?” मुलगा म्हणाला, “तुमचे काम सगळ्यांत मोठे, दादी. तिच्याशी मारवाडीतच बोलायचे. ती मराठीत उत्तर देऊ लागली तरी.”

इंग्रजी शाळेचा अर्ज भरला असता, तर या कामाची गरज दुपटीने वाढली असती, हेही तितकेच खरे. शाळा एक भाषा देते. घर आपली भाषा देणे थांबवते तेव्हा ती भरपाई कोणतीही शाळा करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी दादी पुन्हा डाळ निवडायला बसल्या. नात शेजारी येऊन बसली आणि ताटातला एक खडा उचलून तिने विचारले, हा डाळीत आला कसा? उत्तराला अर्धा तास लागला. शेतापासून दुकानापर्यंतची सारी वाट दादींनी सांगितली आणि मध्येच दादाजींचे दुकानही आले. नातीने आणखी चार प्रश्न विचारले. सारे मारवाडीत.