उपकार नव्हे, हक्क

आपल्या बुऱ्हाणपुरात इ. स. १६३१ मध्ये चौदाव्या अपत्याला जन्म देताना मुमताज महलने प्राण सोडला. शहाजहानच्या खजिन्यात द्रव्याची वाण नव्हती. वाण होती ती वैद्यकीय ज्ञानाची. ते ज्ञान आज उपलब्ध आहे. तथापि रुग्णालय, परिचारिका, रक्तपेढी या गोष्टी यंत्रमागावर राबणारा कामगार आपल्या मजुरीतून कशा उभारणार? त्या सर्वांच्या करातूनच उभ्या राहतात.

सरकारी रुग्णालयांत २०११ पासून शस्त्रक्रियेसह प्रसूती विनामूल्य आहे. परंतु ती सरकारची कृपा नव्हे. प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहेच. शिवाय काडीपेटी विकत घेणारा मजूरही वस्तू व सेवा कर देतो. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी दिली, हे स्तुत्य होय. पण जवळच्या रुग्णालयात डॉक्टरच नसेल, तर हातातले कार्ड काय कामाचे? म्हणून शासनाने आधी माणसे नेमावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, मोठेपणी कर प्रामाणिकपणे भरा आणि त्याचा हिशेबही निर्भयपणे मागा.