कोपिष्ट देवाची दंतकथा

आमच्या सुशिक्षित वर्गांत एक मत असें रुजून बसलें आहे कीं, त्याला पुरावा मागणेंही कोणास सुचत नाहीं. यहुदी लोकांचा देव कोपिष्ट, सूड घेणारा व अपराधांचा काटेकोर हिशेब ठेवणारा. प्रेम आणि क्षमा यांचा शोध पुढें ख्रिस्ती धर्मानें लावला, असें तें मत. इंग्रजी ग्रंथांतून तें आमच्याकडे आलें आणि व्याख्यानांतून अद्याप मिरवत आहे. तें खोटें आहे, आणि नवेंही नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत मार्सियन यानें असेंच प्रतिपादन केलें, आणि १४४ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीनें त्याला बाहेर काढलें. ज्या मताला खुद्द ख्रिस्ती मंडळीनें पाखंड ठरविलें, तें आमचे निधर्मी पदवीधर शास्त्रवचनासारखें उच्चारतात, हा विनोद थोडा नव्हे! ग्रंथ परके, म्हणून वाचले नाहींत, ही सबबही चालणार नाहीं. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रूवरून त्यांचें मराठी भाषांतर केलें. कोंकणांतून मुंबईस आलेल्या बेने इस्राएल समाजानें १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांतील कथांवर मराठींत कीर्तनें रचलीं.

या शास्त्रांत जलप्रलय आहे, कनानांतील कत्तलीच्या आज्ञा आहेत. त्यांवर मला पांघरूण घालावयाचें नाहीं. पण नरकाग्नीचें भय नव्या करारांतही कांहीं कमी नाहीं, आणि निवडक उतारे काढून कोणत्याही धर्माचा राक्षस बनवितां येतो. मनुष्याच्या अवज्ञेचा विचार या ग्रंथकारांनीं जेथें सर्वांत खोल केला, तेथें त्यांना काय दिसलें, हें पाहिलें पाहिजे.

होशेय या संदेष्ट्याचेंच घ्या. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकांत, इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्यांत तो बोलला. पत्नी गोमेर व्यभिचारिणी. मुलीचें नांव 'दया न पावलेली', मुलाचें 'माझे लोक नव्हेत', अशा अर्थाचीं. घर मोडलेला हा मनुष्य अकराव्या अध्यायांत पत्नीचें रूपक सोडून पुत्राचें घेतो. देवानें ज्याला चालावयास शिकविलें, तो मुलगा हांक मारावी तों तों दूर जातो. आतां अनुवाद नांवाच्या पुस्तकांतील कायदा आठवावा. हट्टी व बंडखोर मुलाला आईबापांनीं गांवच्या वेशींत वडीलजनांपुढें न्यावें आणि गांवकऱ्यांनीं त्याला दगडमार करून ठार करावें! निकाल उघड होता. आणि त्याच क्षणीं देवाचें काळीज पालटतें. आपण क्रोधाप्रमाणें वागणार नाहीं, असें तो सांगतो, आणि कारण देतो तें हें कीं, आपण देव आहों, मनुष्य नाहीं. आमची समजूत याच्या अगदीं उलट. क्रोध हें सामर्थ्याचें लक्षण आणि दया हा मनाचा दुबळेपणा, असें आपण धरून चालतों. होशेयाच्या मतें सूड ही मनुष्याची मर्यादा होय.

मग अपराधाला किंमत ती काय उरली, असें कोणी विचारील. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या सैन्यानें राजधानी शोमरोन घेतली, पुष्कळ लोक हद्दपार झाले. आणि त्या अरिष्टाची चाहूल होशेयाच्याच ग्रंथांत आहे. परिणाम टळतील असें वचन त्यानें दिलें नाहीं. परिणाम भोगणाऱ्याशीं देव नातें तोडीत नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें. आणि तें थोडें नाहीं.

स्वतःला मिळालेली क्षमा कोणालाही गोडच लागते. योनाची गोष्ट शत्रूच्या क्षमेची आहे. ती केवळ माशासाठीं लक्षांत राहते हें तिचें दुर्दैव. त्याला पाठविलें निनवेस, म्हणजे अश्शूरच्याच महानगरींत. बहुतेक पंडितांच्या मतें ही कथा लिहिली गेली तेव्हां शोमरोन केव्हांच बुडालें होतें. वाचणाऱ्याला निनवे म्हणजे काय हें सांगावें लागत नव्हतें. तें शहर पश्चात्ताप करतें, देव शिक्षा आवरतो, आणि योना संतापतो. निर्गमाच्या ३४ व्या अध्यायांत देव मोशेला आपली ओळख दयाळू, मंदक्रोध, अपार स्नेहाचा अशी करून देतो. तेच गुण योना दोषारोपासारखे त्याच्या तोंडावर फेकतो. त्या ओळखीचा दुसरा भाग, देव दोषी माणसाला मोकळें सोडीत नाहीं हा, योना गाळतो. नहूम संदेष्टा नेमका तोच निनवेविरुद्ध उच्चारतो. दोघांनाही एकाच संग्रहांत जागा देणाऱ्यांना हा प्रश्न सोपा वाटला नसावा. ज्यांचीं घरें जळलीं त्यांना योनाचा राग परका वाटणार नाहीं. मलाही वाटत नाहीं.

ग्रंथ संपतो तो देवाच्या प्रश्नावर. उजवा-डावा हात न समजणारीं १,२०,००० हून अधिक माणसें आणि पुष्कळ गुरें ज्या शहरांत आहेत, त्याचा कळवळा त्याला येऊं नये काय? योनाचें उत्तर दिलेलें नाहीं. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशीं, उपवास चालू असतां, यहुदी लोक दुपारच्या प्रार्थनेंत हाच ग्रंथ वाचतात. स्वतःच्या पापांची क्षमा मागतां मागतां निनवेला मिळालेल्या क्षमेची हकीकत ऐकतात.